पालथी कामधेनू

केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला सरकीचं एक जुनं गोदाम होतं. एकाहत्तर सालच्या जानेवारीत त्याच्यावर पाटी चढली : ‘प्राचीन भारतीय कला व सांस्कृतिक वारसा संग्रहालय’. पेंटरनं सुरुवात ऐसपैस केली, त्यामुळे शेवटच्या शब्दाला जागा उरली नाही. ‘संग्रहालय’ खाली, दाराच्या चौकटीवर, बारीक अक्षरांत घ्यावं लागलं. रस्त्यावरून दिसायचं ते एवढंच, की इथं वारसा आहे. पहिल्या आठवड्यात जे तिघे जण आत आले, ते सातबाऱ्यावर वारस लावायचं काम इथंच होतं का, हे विचारायला आले.

त्यांना उत्तर द्यायला आत रंगनाथराव देहाडराय असत. हे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. संस्थेनं त्यांना अभिरक्षक नेमलं होतं. लोक त्यांना वॉचमन समजत, आणि वॉचमन अजून नेमला नसल्यामुळे त्यात फारशी चूकही नव्हती. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक जाड नोंदवही होती. अनुक्रमांक, वस्तू, काळ, दाता, सद्यस्थिती असे पाच रकाने त्यांनी स्वतः पट्टीनं आखले होते. काळाचा रकाना अवघड. जिथं काही सुचत नसे तिथं ते ‘यादवकाल’ लिहीत. दाता वजनदार असला तर ‘सातवाहन’. उद्घाटनाची तारीख ठरली तेव्हा वहीत चाळीस वस्तू होत्या, आणि त्यांतल्या अकरा सातवाहन होत्या.

आता आप्पासाहेब. भिंगारच्या पुढं शेवगाव रस्त्याला चार कोसांवर त्यांचं गाव. सोसायटीत ते होते, कारखान्यात होते, हायस्कुलाच्या कमिटीवर होते, तालमीचे अध्यक्ष होते. एक संस्कृतीच काय ती त्यांच्या हाताबाहेर राहिली होती. संग्रहालयाला विश्वस्त घ्यायचे आहेत, आणि विश्वस्त होणाऱ्यानं एक तरी प्राचीन वस्तू द्यावी असा संस्थेचा ठराव आहे, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी घर पालथं घातलं. जुनं असं काही सापडेना; होतं नव्हतं ते सगळं मोडून त्यांनी नवं बांधलेलं. घरात जुन्या म्हणाव्यात तर एक मातोश्री राहीबाई, आणि त्या काही देऊन टाकता येण्यासारख्या नव्हत्या.

मग त्यांना सहादेवच्या आडावरचा दगड आठवला.

सहादेवचं घर ओढ्याच्या अलीकडे, आप्पासाहेबांचं पलीकडे. सहादेवच्या दारातल्या आडापाशी कमरेएवढा ओटा, आणि ओट्यावर पुरुषभर लांबीचा एक काळा दगड आडवा टाकलेला. त्यावर सहादेवची बायको साळूबाई धुणं धुवायची. तिच्या आधी तिच्या सासूनं धुतलं, तिच्या आधी सासूच्या सासूनं. मागच्या पावसाळ्यात ओटा खचला तेव्हा सहादेवनं दगडाखाली हात घातला, तर खालच्या अंगाला काहीतरी कोरलेलं लागलं. हे त्यानं चहाच्या हाटेलात सांगितलं. चहाच्या हाटेलात सांगितलेलं आप्पासाहेबांपर्यंत जायला गावात कधीच दिवस लागत नाही.

साळूबाई लेकीकडे भिंगारला गेली होती तो दिवस त्यांनी बरोबर धरला. सहादेवला त्यांनी समजावलं, की उद्घाटनाला तू माझ्या जीपमध्ये पुढं बसशील आणि तुझ्या गळ्यात हार पडेल. जन्मात सहादेवच्या गळ्यात हार पडला होता तो एकदाच, लग्नात. तो लगेच हो म्हणाला. फक्रुद्दीन आपला ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन आला. पहार लावण्याआधी त्यानं वहिनीला विचारलंय का, असं सहादेवला विचारलं. सहादेव म्हणाला, दगडाला काय विचारायचं. फक्रुद्दीन म्हणाला, दगडाला नाही म्हणत मी, वहिनीला.

दगड उलटला, चिखल धुतला. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र. मधे सात-आठ ओळी अक्षरं. खाली एक चार पायांचं जनावर आणि त्याच्याखाली एक बाई. संध्याकाळचा उजेड होता, दगड काळा होता, आणि आप्पासाहेबांना चार पायांत गाय दिसली. दुसऱ्या दिवशी केडगावात रंगनाथरावांनी गाईला बढती देऊन कामधेनू केलं. बाई खाली आहे म्हणजे सेवेत आहे, म्हणून ती सेविका. वहीत ओळ पडली : ‘४१. कामधेनू व सेविका. यादवकाल.’ आप्पासाहेबांनी सातवाहन होईल का विचारलं. रंगनाथराव म्हणाले, विश्वस्त झाल्यावर बघू.

साळूबाई भिंगारहून आली आणि तिनं रिकामा ओटा पाहिला.

तिचं दुःख कलेचं नव्हतं. तिचा डावा गुडघा बैलगाडीवरून पडल्यापासून वाकत नव्हता. उकिडवं बसणं म्हणजे तिला अर्धा तास देवाचा धावा. त्या ओट्यावर, त्या दगडावर, तिला उभ्यानं धुणं धुता यायचं. दगडाला अंगचाच असा उतार होता की पाणी पायावर न येता अळवात जायचं. पाच माणसांच्या घराचं धुणं ती त्या दगडाच्या जोरावर सांभाळत होती. आता ओढ्यावर जायचं, पाय लांब सोडून जमिनीवर बसायचं, आणि उठताना दोन बायांनी काखेत हात घालून उठवायचं.

ती आप्पासाहेबांकडे चारदा गेली. पहिल्यांदा त्यांनी शहाबादी फरशी पाठवली. ती आठ दिवसांत दोन ठिकाणी तडकली. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, की आता तो दगड राहिला नाही, ती कला झाली आहे. तिसऱ्या खेपेला साळूबाईनं ठेवणीतलं काढलं. तिच्या सासूनं मरताना तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या : एक, सहादेवला व्यवहारात पाठवू नकोस, आणि दुसरी, आडावरचा दगड उताणा करू नकोस, पालथा आहे तोवर बरा. पहिली चुकल्यामुळे दुसरी चुकली होती. आप्पासाहेब हसले आणि अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोलले. चौथ्या वेळी ते घाईत होते. म्हणाले, उद्घाटनाला ये, दगडाचा मान बघ, आणि तरीही काही म्हणायचं असलं तर तिथंच म्हण.

साळूबाईनं हे शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गाव निघालं. जीपमध्ये आप्पासाहेब, मातोश्री राहीबाई आणि फेटा बांधलेला सहादेव. फक्रुद्दीनच्या ट्रॉलीत एकतीस माणसं, त्यांत साळूबाई कडेला उभी, कारण बसलं तर उठता येणार नव्हतं. तिनं नवऱ्याशी तीन आठवडे अबोला धरला होता, आणि जीप पुढं गेली तेव्हा फेट्याचा तुरा पाहून तो आणखी वाढवला.

संग्रहालयाच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या. रंगनाथराव सांगत होते, की हे मंदिर नाही, चपला चालतील. लोकांनी ऐकून घेतलं आणि चपला काढल्या. आत प्रत्येक वस्तूवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी प्रत्येक वस्तूला हात लावून कपाळाला लावला. ज्यांना येत होतं त्यांनी चिठ्ठीला हात लावून कपाळाला लावला. मुठी नसलेल्या तीन तलवारी, फुटका रांजण, एक दीपमाळेचा तुकडा, कुणाच्या तरी पणजोबाचा अडकित्ता (सातवाहन). रांग सावकाश सरकत होती. भिंतीला लाल रंगाची, वाळू भरलेली एक बादली टांगलेली होती. तिच्यावर ‘आग’ लिहिलेलं होतं. पहिल्या बाईनं तिला नमस्कार केला, म्हणून मागच्या सगळ्यांनी केला. बादलीला मिळालेली गर्दी अडकित्त्याला मिळाली नव्हती.

मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर साळूबाईचा दगड उभा होता. त्याला झेंडूचा हार होता आणि पायाशी जाड कागदावर वळणदार अक्षरांत कार्ड : ‘कामधेनू व सेविका. दाता : आप्पासाहेब. मातोश्री राहीबाई यांच्या प्रीत्यर्थ.’

साळूबाई त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यात तिनं त्याची पाठ पाहिली होती. तोंड आज पाहत होती. तिनं रंगनाथरावांना गाठलं आणि दगड कधी परत मिळेल ते विचारलं. रंगनाथरावांनी तिला वही उघडून दाखवली. ते तिला अगदी सभ्यपणानं म्हणाले, की बाई, यात वस्तू आत येण्याचा रकाना आहे, बाहेर जाण्याचा नाही. साळूबाईनं पाचही रकाने नीट पाहिले. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

पूजा राहीबाईंच्या हस्ते होती. ऐंशीच्या घरातली बाई, मोतीबिंदू काढल्यानंतरचा जाड भिंगांचा चष्मा. तबक घेऊन त्या दगडापुढं वाकल्या, हळदीचं बोट टेकलं, कुंकवाचं टेकलं आणि वाकल्या तशाच थांबल्या.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “गाईचं कान असं उभं नस्त्यात.”

“यादवांच्या काळात असत, आई,” आप्पासाहेब म्हणाले.

फोटोग्राफरनं राहीबाईंना जनावराच्या पाठीवर हात ठेवायला सांगितला. त्यांनी ठेवला. एक फोटो त्यांचा एकटीचा निघाला, एक आप्पासाहेबांसह, आणि एक सहादेवसह. सहादेवच्या गळ्यात हार त्या वेळी पडला. त्याची नजर साळूबाईला शोधत होती. साळूबाई लाल बादलीकडे पाहत होती.

प्रमुख पाहुणे पुण्याचे होते. जुन्या लिप्या वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एस.टी. वाटेत बंद पडल्यामुळे ते आले तेव्हा आप्पासाहेबांचं भाषण संपत आलं होतं. आपल्या मातीतली ही कामधेनू माझ्या आईच्या पायाशी आली, असं एक वाक्य चाललं होतं. पाहुण्यांनी हार हातातच घेतला आणि मंचाऐवजी ते सरळ दगडाकडे गेले. खाली बसले. वरची अक्षरं पाहिली, खालचं चित्र पाहिलं, कार्ड पाहिलं, आणि पुन्हा चित्र पाहिलं. मग पूजेच्या तबकातला गुलाल मागून घेऊन अक्षरांवर चोळला. दगड पिढ्यान्‌पिढ्या पालथा असल्यामुळे अक्षरं काल कोरल्यासारखी होती. काळ्या दगडावर गुलालात ती एकेक करून वर आली.

आप्पासाहेबांनी माईक तिथं आणवला. पाहुणे हळू आवाजात म्हणाले, की घाई नको, मी सविस्तर टिपण लिहून पाठवतो. आप्पासाहेब म्हणाले, टिपण कोण वाचणार, लोकांना आत्ता कळू द्या. पाहुणे पुन्हा म्हणाले, की नंतर बघू. आप्पासाहेबांनी माईक स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडापाशी धरला. संस्थेचे कार्यवाह साक्षीला होते, म्हणून हे नोंदवून ठेवलं पाहिजे, की पाहुण्यांनी दोनदा नको म्हटलं.

त्यांनी वाचलं आणि ओळीओळीला अर्थ सांगितला. यादवांच्या अमलात, अमुक शकात, या गावच्या महादेवाला ओढ्याच्या पूर्वेकडची जमीन दान दिली. सूर्य आणि चंद्र आहेत तोवर ती देवाची.

टाळ्या सुरू झाल्या आणि ट्रॉलीतून आलेल्या एकतीस जणांच्या जागी बंद पडल्या. बाहेरच्यांना कळेना. गावकऱ्यांना कळलं होतं. ओढ्याच्या पूर्वेला आप्पासाहेबांचा ऊस होता. मोटारीच्या विहिरीवरचा, गावातला पहिल्या नंबरचा ऊस. त्या रानाला गाव अजूनही देवमळा म्हणत होतं, आणि देव पंपाच्या खोलीमागं, चिंचेखाली, खताच्या रिकाम्या गोण्यांशेजारी बसलेला होता. देवमळा का म्हणतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ज्यांना सुचलं होतं ते सोसायटीचे सभासद होते.

“पुढं वाचा,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांचं लक्ष टाळ्यांकडे होतं.

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ही भूमी जो कोणी हिरावून घेईल,” ते म्हणाले, “त्याला पुढं शाप दिलेला आहे. शाप त्याच्या मातोश्रींविषयी आहे. खाली जे कोरलंय ते त्याचंच चित्र. ही कामधेनू नाही. हे गाढव आहे. अशा दगडाला गद्धेगळ म्हणतात.”

माईक चालू होता. केडगावच्या एस.टी. थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांनाही ते ऐकू गेलं.

गोदामात सगळ्यांनी आधी चित्राकडे पाहिलं. मग नजरा चित्रावरून कार्डावर उतरल्या. मातोश्री राहीबाई यांच्या प्रीत्यर्थ. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी येणाऱ्यांना कोपरानं ढोसून विचारलं. उत्तरं कानात दिली गेली. मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली आणि ती साथीसारखी पसरत पुढच्या रांगेपर्यंत आली. रंगनाथरावांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि कुठल्या रकान्यात काय खोडायचं हे न कळून पेन्सिलीचं टोक चावत उभे राहिले.

राहीबाईंना कमी ऐकू येई, आणि माईकमधलं तर धड कळतच नसे. “काय म्हनाले?” त्यांनी विचारलं.

“जुनं काहीतरी आहे, आई,” आप्पासाहेब म्हणाले.

राहीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. साळूबाई तेवढी त्यांच्याकडे बघत होती. ती पाय ओढत जवळ आली आणि त्यांच्या कानापाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, म्हणाली, “आत्याबाई, गाढवच हाय ते.”

“मी तवाच म्हनले,” राहीबाई म्हणाल्या. एवढ्या माणसांत आपलंच खरं निघालं याचा त्यांना आनंद झाला. मग भिंगांतून पुन्हा एकदा वाकून बघत त्यांनी विचारलं, “आन् ती बाई कोन?”

पाहुणे बोटांचा गुलाल रुमालाला पुसत बसले. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याला टोपी घातली. आप्पासाहेबांच्या मानेवर घाम आला होता. तीन फोटो निघाले होते, तिन्हींत त्यांची आई होती, आणि वर्तमानपत्राचा माणूस पहिल्या रांगेत पाय लांब करून काहीतरी लिहीत होता.

साळूबाई त्यांच्या बाजूला गेली. “तुमी म्हनला हुता, काय म्हनायचं ते हितं म्हन,” ती म्हणाली. “दगड मला द्या. मी त्याला पालथा घालते.”

आप्पासाहेबांनी आयुष्यात बरेच ठराव मंजूर केले होते. इतक्या लवकर एकही नाही. त्यांनी रंगनाथरावांना दगड खाली उतरवायला सांगितला. रंगनाथराव म्हणाले, की वस्तूची नोंद झाली आहे आणि बाहेर जाण्याचा रकाना वहीत नाही.

“मग रकाना काढा,” आप्पासाहेब म्हणाले.

पट्टी सापडेना, म्हणून अडकित्त्याच्या कडेनं रेघ ओढली.

पाहुण्यांनी मात्र एक अडचण काढली. दगड महत्त्वाचा आहे, त्याचा ठसा घ्यायला हवा, आणि शक्य तर तो इथंच असावा. त्यावर आप्पासाहेबांनी त्यांना बाजूला नेऊन ग्रामीण स्त्रीच्या श्रमांविषयी इतकं कळवळून सांगितलं की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं. ठसा तेवढा कागदावर त्यांनी घेतलाच. तो पुण्याला गेला. आप्पासाहेबांना ते नंतर कळलं.

त्याच दुपारी दगड परत निघाला. ट्रॉलीत मधे दगड, त्याच्यावर गोणपाट, आणि भोवती एकतीस माणसं. भिंगार येईपर्यंत कुणी बोललं नाही. भिंगारच्या बाजारात एक गाढव आडवं आलं. फक्रुद्दीननं ब्रेक दाबला आणि ते जाईपर्यंत आदबीनं वाट पाहिली. मग मात्र ट्रॉली हसायला लागली ती गावापर्यंत थांबली नाही.

जीप आधीच पोचली होती. आप्पासाहेब आडापाशी उभे होते. ओट्यावर दगड चढला, पालथा झाला, आणि सूर्य, चंद्र, अक्षरं, गाढव, बाई असं सगळं खाली गेलं. आप्पासाहेबांनी श्वास सोडला. साळूबाईनं तांब्याभर पाणी घेतलं आणि दगडावर ओतलं. पाणी अळवाकडे जायचं ते तिच्या पायाकडे आलं.

“उतार चुकला,” ती म्हणाली.

फक्रुद्दीननं पहार लावली, माणसांनी जोर केला, ओट्यावर गुडघे टेकून दगडाखाली टेकणाची चीप सारायला कुणी तरी हवं होतं. साळूबाईचा गुडघा वाकत नव्हता. सहादेव फेटा सोडत होता. साळूबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मग. उताणा ठिवते. तसा सपाट बसंल.”

आप्पासाहेब ओट्यावर चढून गुडघ्यावर बसले. इस्त्रीच्या धोतरासह बसले आणि चीप स्वतःच्या हातानं आत सारली. तिनं पाणी ओतलं. पुन्हा चुकलं. दोन बोटं अजून, ती म्हणाली. त्यांनी दोन बोटं सारली. ती म्हणाली, एक बोट मागं. फक्रुद्दीन पहारीवर वजन टाकून आभाळाकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. पाचव्या तांब्याला पाणी अळवात गेलं. साळूबाईनं तांब्या आडावर पालथा ठेवला. त्या रात्री तिनं सहादेवला जेवायला वाढताना आमटी घेणार का असं विचारलं, म्हणजे अबोला संपला.

आप्पासाहेब विश्वस्त झाले. त्यांनी कापड बाजारामागच्या दुकानातून पितळेची एक गाय आणून दिली. वासरासकट, आणि कान व्यवस्थित आडवे. रंगनाथरावांनी काळाच्या रकान्यात सातवाहन लिहिलं. एक्केचाळिसाव्या ओळीपुढं, अडकित्त्यानं आखलेल्या सहाव्या रकान्यात, त्यांनी बऱ्याच विचारानंतर दोन शब्द घातले : ‘पालथी. वापरात.’ देवमळ्यात ऊस त्या वर्षीही चांगला होता. महादेवाशेजारच्या खताच्या गोण्या मात्र कुणी तरी हलवल्या होत्या.

उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या सोमवारी साळूबाई धुणं धूत होती. काठी टेकत राहीबाई ओढा ओलांडून आल्या. एवढ्या सकाळी त्या कधी अलीकडे येत नसत. आडाच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ आपटण्याचा आवाज ऐकत राहिल्या.

“साळू,” मग त्यांनी विचारलं, “ती बाई कोन हुती गं?”

साळूबाईनं लुगड्याचा पिळा घातला. “तुमाला ठावं हाय, आत्याबाई.”

“व्हय,” राहीबाई म्हणाल्या. त्यांनी काठीनं दगड दाखवला. “मग जरा जोरानं आपट. आप्पा घरीच हाय.”